गावात राहून साउंड रेकॉर्डिंग करताय? बाहेरची हार्ड डिस्क कुठल्या जोडणीची घ्यावी

आमच्या ब्रह्मपुरीकडे दिवाळी सरली की झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम लागतो. वडसा गजबजतं, गावोगावी मंडई (जत्रा) भरते, रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही. त्याच दिवसांत भजन स्पर्धा, कीर्तनं, खंजेरी भजनं सुरू असतात. हे सगळं लॅपटॉपवर भरून घेणारी पोरं आता बऱ्याच गावांत दिसतात. दोन-चार कार्यक्रम झाले की लॅपटॉपमधली जागा संपते, मग बाहेरची डिस्क घ्यायची वेळ येते. दुकानात गेलं की यूएसबी ३.०, ३.१, ३.२, टाइप-सी, थंडरबोल्ट अशी नावं कानावर पडतात आणि माणूस गोंधळतो.

मीही असाच गोंधळलो होतो. मोठी, टेबलावर ठेवायची, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क घेतली, कारण त्याच पैशात जागा जास्त मिळत होती. एका खंजेरी भजन मंडळाचं रेकॉर्डिंग चालू असताना लाइन गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, मंडळ अंधारात गात राहिलं, पण डिस्क बंद पडली होती. कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या काकाजींनी विचारलं, "भरला का बाबू आवाज?" फाइल दिसत होती, उघडत नव्हती. पुढच्या वर्षी मंडळ आलं, काकाजी नव्हते. त्यांचा तो आवाज माझ्याकडे असायला हवा होता. हा लेख त्यासाठीच लिहितोय.

डब्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यामागे धावू नका, हे माझं पहिलं सांगणं. आवाजाच्या कामाला वेग फार थोडा लागतो. जोडणी मध्येच तुटू नये, हे त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडची लाइन, तपन (कडक ऊन) आणि धूळ पाहता जी जोडणी सगळ्यात कमी तुटेल ती घ्यायची.

१. आधी हिशेब करा: आवाजाला लागतं तरी किती?

एका माइकचा आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरला तर दर सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ३ बाइट (८ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट होतात. एका मेगाबाइटचा सातवा भाग. तासाभराचे साधारण ५१८ मेगाबाइट.

आठ माइक लावले तर सेकंदाला सव्वा मेगाबाइटपेक्षा कमी आणि तासाला सव्वाचार गिगाबाइटपेक्षा थोडं कमी. सोळा माइक लावले तर सेकंदाला २.३ मेगाबाइट, तासाला ८.३ गिगाबाइट.

आता जोडणीकडे बघा. २००० साली आलेली यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिटची, म्हणजे ६० मेगाबाइटची आहे. प्रत्यक्षात त्यातून डिस्कला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. म्हणजे जुन्या यूएसबी २.० मधूनही सोळा माइकांचा आवाज आरामात जातो. दुकानदार "रेकॉर्डिंगला सगळ्यात फास्टवालीच लागते" म्हणाला तर हा हिशेब आठवा.

मग वेगवान जोडणी कशाला? तीन कामांसाठी. कार्यक्रम संपल्यावर फाइली पटकन दुसरीकडे उतरवायला, पन्नास-साठ ट्रॅकचं मिक्सिंग करायला, आणि हार्मोनियम, तबला, तारवाद्यं यांचे तयार नमुने डिस्कवरून वाजवणारी सॉफ्टवेअरं वापरत असाल तर त्यांना. या शेवटच्या कामात डिस्कला एकाच वेळी शेकडो छोट्या जागांवरून वाचावं लागतं. तिथे जोडणीपेक्षा डिस्कची जात महत्त्वाची ठरते. ते पायरी ४ मध्ये.

२. लॅपटॉपची तोंडं ओळखा

डिस्क घेण्याआधी लॅपटॉप उजेडात धरून पोर्ट बघा. चौकोनी पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल, किंवा शेजारच्या यूएसबीच्या खुणेला "एसएस" ही अक्षरं जोडलेली असतील, तर ते बहुतेक यूएसबी ३ आहे. पट्टी काळी किंवा पांढरी असेल तर बहुतेक २.०. रंगाचा नियम सगळे पाळत नाहीत, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करून घ्या.

नावांचा घोळ एकदाच समजून घ्या. २००८ सालची यूएसबी ३.० म्हणजे ५ गिगाबिट. तिलाच पुढे "३.१ जेन १" आणि नंतर "३.२ जेन १" म्हणायला लागले. नाव बदललं, वेग तोच. "जेन २" म्हणजे १० गिगाबिट, "जेन २ बाय २" म्हणजे २०. त्यामुळे "३.२" एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. डब्यावर गिगाबिटचा आकडा शोधा.

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. टाइप-सी पोर्ट यूएसबी २.० चाही असतो आणि ४० गिगाबिटच्या थंडरबोल्टचाही असतो. शेजारी विजेच्या लोळासारखी खूण आणि आकडा असेल तर थंडरबोल्ट. विजेची खूण कधी चार्जिंगसाठीही असते, म्हणून इथेही मॉडेल नंबरवरूनच ठरवा.

३. जोडणी निवडा

यूएसबी ३, ५ किंवा १० गिगाबिट. आपल्यापैकी बहुतेकांनी हीच घ्यावी. कुठल्याही लॅपटॉपला चालते, जुन्या २.० पोर्टमध्येही हळू का होईना चालते, आणि बिघडली तर केबल तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकते. तिचा आणखी एक गुण कुणी सांगत नाही. यूएसबी ३ च्या केबलीत वेगवान कामासाठी वेगळ्या तारा असतात. बाजारातले बरेचसे ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) यूएसबी २.० वर चालतात, म्हणून ३ ची डिस्क ३ च्या पोर्टमध्ये लावली तर ती इंटरफेसच्या वाट्याचा रस्ता अडवत नाही.

यूएसबी २.०. घरात अशी डिस्क असेल तर फेकू नका, बॅकअपला ठेवा. रेकॉर्डिंगला वापरायचीच असेल तर इंटरफेस आणि डिस्क एकाच हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लावू नका. दोघं एकच ४८० मेगाबिट वाटून घेतात, वीजही वाटून घेतात आणि आवाजात कट-कट यायला लागते.

थंडरबोल्ट. उत्तम जोडणी आहे, पण डिस्क महाग आणि पोर्ट मॅकमध्ये किंवा भारी लॅपटॉपमध्ये. नाटकाच्या रेकॉर्डिंगला तिची गरज नाही. फक्त थंडरबोल्ट ३ वर चालणारी डिस्क साध्या टाइप-सी पोर्टमध्ये बसते, पण चालत नाही. उलट यूएसबीची डिस्क थंडरबोल्ट पोर्टमध्ये बिनतक्रार चालते. म्हणून शंका असेल तर यूएसबी घ्या.

फायरवायर. इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचाल तर "आवाजाच्या कामाला फायरवायरच" असं हमखास सापडेल. यूएसबी २.० च्या काळात ते बरोबर होतं. फायरवायर प्रोसेसरवर कमी भार टाकत असे आणि डेटा एकसारखा वाहत असे. आज नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. जुन्या बाजारात स्वस्त दिसली तरी घेऊ नका.

ई-साटा. वेग चांगला, पण साध्या ई-साटा केबलीतून वीज येत नाही, अडॅप्टर वेगळा लागतो. आपल्याकडे एवढं एकच कारण तिला नको म्हणायला पुरतं.

वायफाय डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांच्यावर थेट रेकॉर्डिंग नको. पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सुरुवातीला चांगला दिसतो आणि थोड्या वेळाने कोसळतो.

४. डब्यात कुठली डिस्क आहे?

फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि सरळ ओळीने वाचताना सेकंदाला १०० ते १४० मेगाबाइट देते. पण तिला एका जागेवरून दुसरीकडे सुई न्यायला १०-१५ मिलिसेकंद लागतात. साठ ट्रॅक एकदम वाजवताना ही धावपळ वाढते. एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरतं काही नसतं. तिथे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. साटा जातीची एसएसडी ५०० मेगाबाइटच्या घरात जाते, एनव्हीएमई जातीची १० गिगाबिटच्या पोर्टवर हजाराच्या आसपास.

यूएसबी ३ पोर्टला लावली तरी फिरती डिस्क १००-१४० मेगाबाइटच्या पुढे जाईल अशी आशा धरू नका. रस्ता रुंद झाला तरी बैल आपल्याच चालीने चालतो.

रेकॉर्डिंगला एसएसडी घ्या, ५०० गिगाबाइटची असली तरी चालेल. साठवणुकीला फिरती डिस्क घ्या, १ किंवा २ टेराबाइटची. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी एसएसडी. मोटारसायकलच्या डिक्कीतून खडबडीत रस्त्याने जाणाऱ्या सामानात फिरती तबकडी नसलेली बरी. शिवाय एसएसडीचा आवाज नसतो, त्यामुळे माइकजवळ ठेवली तरी घरघर रेकॉर्ड होत नाही.

५. वीज: आपल्याकडे निवड इथेच ठरते

साडेतीन इंची मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते. लाइन गेली की ती जाते. डीपी जळाली, फेज गेला, जनरेटर सुरू करताना क्षणभर अंधार झाला, काहीही झालं तरी तीच गोष्ट. कार्यक्रमाच्या ठिकाणी अशी डिस्क नेऊच नका. घरी, इन्व्हर्टरवर, बॅकअपसाठी ठीक आहे.

पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्याच विजेवर चालते, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी तिचीही बॅटरी होते. मात्र यूएसबी २.० पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपियर देतो आणि यूएसबी ३ पोर्ट ९०० देतो. फिरती डिस्क सुरू होताना क्षणभर एक अँपियरच्या आसपास मागते. कमी पडलं की टिक-टिक आवाज येतो, डिस्क दिसते आणि गायब होते. असं झालं तर डिस्क खराब झाली असं लगेच समजू नका. आधी हब काढा, लांब केबल बदला, डिस्क थेट लॅपटॉपला लावून बघा.

गावात अर्थिंग नीट नसतं. चार्जर लावला की हेडफोनमध्ये हूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. बऱ्याचदा आवाज जातो. सगळं लॅपटॉपच्या विजेवर चालणारं असेल तरच हा उपाय करता येतो.

तपनीचं काय? अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये दुपारी रेकॉर्डिंग असेल तर डिस्क सावलीत, उघड्यावर, लाकडाच्या पाटावर ठेवा. पिशवीत किंवा लॅपटॉपखाली नको. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत ओल असते. साउंडच्या डब्यावर तर मुळीच नको, थरथर फिरत्या डिस्कला सोसत नाही.

६. केबल, छोटी वस्तू आणि मोठा घात

मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल डिस्कला बसते, पण बऱ्याचशा चार्जिंग केबली आतून यूएसबी २.० च असतात. डिस्कसोबत आलेलीच केबल वापरा आणि तिच्यावर रंगीत टेप लावून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी ती चार्जिंगला नेतं.

फिरत्या डिस्कला रुंद, दोन खणांचं तोंड असतं. जुन्या मोबाइलची मायक्रो केबल त्यातल्या एका खणात बसते आणि डिस्क चालतेसुद्धा, पण २.० च्या चालीने.

लांबी १ मीटरच्या आत ठेवा. तोंड पोर्टमध्ये एका झटक्यात, पूर्ण बसवा. चौकोनी यूएसबी ३ चं तोंड हळूहळू सरकवलं तर लॅपटॉप कधीकधी त्याला २.० समजून बसतो.

आणि एक त्रास, ज्याचं कारण शोधायला मला दोन कार्यक्रम लागले. यूएसबी ३ ची डिस्क आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात. स्वस्तातले बरेच वायरलेस माइक आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात चालतात. माइकचा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये लावला की आवाज तुटायला लागतो आणि आपण माइकला दोष देतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, किंवा यूएसबी २.० च्या एक्स्टेन्शनने हातभर दूर न्या.

७. फॉरमॅट आणि सेटिंग

फक्त विंडोज वापरत असाल तर डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. तिच्यात झालेल्या बदलांची नोंदवही ठेवली जाते, त्यामुळे अचानक तुटलं तर सावरायची शक्यता जास्त. मॅकवर एनटीएफएस वाचता येतं, पण आपोआप लिहिता येत नाही. दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट घ्या, फक्त त्यात अशी नोंदवही नसते हे ध्यानात ठेवा.

फॅट३२ टाळा. त्यात एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. साध्या वेव्ह फाइलचीही मर्यादा तीच आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ आवाज या मर्यादेला ४ तास ८ मिनिटांनी पोचतो. झाडीपट्टीचं नाटक त्यापुढे चालतं, म्हणजे नेमका शेवटचा अंक हातचा जायचा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आरएफ६४ किंवा वेव्ह६४ हा पर्याय निवडा, रीपरमध्ये तो आहे. नसेल तर प्रत्येक अंकाला नवी फाइल सुरू करा.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा आणि "टर्न ऑफ हार्ड डिस्क" पुढे "नेव्हर" ठेवा. हे पर्याय दिसत नसतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "यूएसबी रूट हब" उघडून पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. डिस्कच्या पॉलिसीमध्ये "क्विक रिमूव्हल" असू द्या. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासण्यातून वगळायला सांगा.

८. खरेदीला जाताना

सोबत न्या:
- लॅपटॉप आणि चार्जर (दुकानातच लावून बघायचं आहे)
- मॉडेल नंबर आणि पोर्टची माहिती कागदावर लिहून
- वेग मोजायचं क्रिस्टलडिस्कमार्क, आधीच लॅपटॉपमध्ये टाकून
- तुमचा ऑडिओ इंटरफेस, जमल्यास

घेऊन या:
- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर डिस्कचा सीरियल नंबर
- वॉरंटीची मुदत लेखी
- मूळ केबल

नागपूरच्या सीताबर्डीत घ्या, चंद्रपुरात घ्या, नाहीतर ऑनलाइन घ्या, पण क्षमतेबद्दल सावध राहा. अनोळखी नावाची "१६ टेराबाइट एसएसडी" किरकोळ किमतीत दिसली तर ती बनावट समजा. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि संगणकाला खोटा आकडा दाखवला जातो. फाइली भरतात, दिसतात, पण उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतं. नवी डिस्क घरी आल्यावर रात्रभर ते चालवा. ऑनलाइन मागवली असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

९. कार्यक्रमाआधी घरी तपासा

क्रिस्टलडिस्कमार्क चालवा. आकडा ३० ते ४० च्या दरम्यान अडकला तर डिस्क २.० च्या चालीने चालते आहे, म्हणून केबल, पोर्ट किंवा हब बदला. १०० ते १४० म्हणजे फिरती डिस्क ठीक आहे. ४०० च्या वर म्हणजे एसएसडी ठीक आहे.

मग डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत "डिव्हायसेस बाय कनेक्शन" निवडा. इंटरफेस आणि डिस्क एकाच हबखाली दिसत असतील तर एक केबल दुसऱ्या पोर्टला न्या.

शेवटी खरी परीक्षा. सगळे माइक लावा, चार्जर काढा, अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवा. मधेच केबलला हलकासा हात लावून बघा. तेवढ्याने डिस्क गायब झाली तर ती केबल मंडपात न्यायची नाही. अर्ध्या तासात बॅटरी किती उतरली ते लिहून ठेवा, म्हणजे रात्री लाइन गेल्यावर हाती किती वेळ आहे ते ठाऊक असतं.

१०. तरीही तुटलंच तर

त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. फाइल उघडत नसेल, पण तिचा आकार शून्य नसेल, तर आतला आवाज बहुधा शाबूत असतो. फक्त फाइलचं डोकं (हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती) अर्धवट राहिलेलं असतं. फाइलची आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल करा. मग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "इम्पोर्ट" मधून "रॉ डेटा" निवडा आणि रेकॉर्डिंगच्या वेळचे आकडे भरा: २४ बिट, ४८,०००, एक किंवा दोन चॅनल. सुरुवातीला एक टिचकी ऐकू येईल, पुढे आवाज यायला लागेल. नुसता खरखराट आला तर "स्टार्ट ऑफसेट" मध्ये १, मग २ टाकून बघा, तरीही जमलं नाही तर बिटचा आकडा बदला. हा मार्ग मला त्या भजनाच्या वेळी माहीत असता तर काकाजींचं निदान अर्धं भजन हाती लागलं असतं.

कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळण्याआधी तिथेच फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सोळा माइकांचं सहा तासांचं रेकॉर्डिंग जवळपास ५० गिगाबाइट होतं. यूएसबी ३ वर एसएसडीतून फिरत्या डिस्कवर ते आठ-दहा मिनिटांत जातं, २.० वर पाऊण तासापर्यंत काढावा लागू शकतो. घरी परतताना एक डिस्क तुमच्या पिशवीत ठेवा, दुसरी जोडीदाराच्या गाडीवर द्या.